सोलापुरातली पडद्याच्या ऑपरेशननंतरची फेरतपासणी: चार तारे, एक कापला

डोळ्याच्या पडद्याचं (रेटिनाचं) ऑपरेशन झालं की घरचे एकच विचारतात, "पडदा चिकटला ना?" त्रास मात्र बऱ्याचदा डोळ्याच्या पुढच्या भागात सुरू होतो. सोलापुरातल्या या नेत्रालयाला (नाव मुद्दाम देत नाही) तारे मिळालेत ते हा पुढचा भाग नीट तपासतात म्हणूनच.

क्रम चोख आहे. आधी डोळ्याचं प्रेशर, मग स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून दाखवणारी दुर्बीण), आणि बाहुली मोठी करायचे थेंब त्यानंतरच. बाहुली आधीच फुलवली तर मधुमेही डोळ्यात तिच्या कडेला उगवलेल्या बारीक रक्तवाहिन्या नजरेतून सुटतात, आणि पुढे हट्टी काचबिंदू होतो तो त्यांच्यामुळेच.

पडदा जागेवर धरून ठेवायला काही डोळ्यांत सिलिकॉन तेल भरतात; असा डोळा तर ते निवांत तपासतात. सिलिकॉन तेल पाण्याहून हलकं. फुटून पुढे आलेले कण खाली बसत नाहीत, वर तरंगतात. कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या) आत वरच्या कडेला फेसाळ पांढरी रेघ दिसते. पू असता तर तळाशी साचला असता. ही रेघ वरच्या पापणीआड लपते, म्हणून पापणी उचलूनच बघावं लागतं. इथे उचलतात. लेन्स नसलेल्या डोळ्यात बुबुळाला (बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याला) सहाच्या काट्यावर, म्हणजे खालच्या बाजूला, छिद्र ठेवलेलं असतं. ते बुजलं की डोळ्यातलं पाणी मागे अडतं, तेल पुढे येतं आणि प्रेशर चढतं. तेही दर खेपेला पाहतात. तेल कॉर्नियाला फार काळ टेकलं तर चुन्यासारखा कॅल्शियमचा पट्टा धरतो.

थेंबांची समजूत मराठीत, कधी कन्नडमध्येही. प्रेडनिसोलोनची (स्टेरॉइडच्या थेंबांची) बाटली आधी हलवायची, दोन औषधांत पाच मिनिटं सोडायची, दमा असेल तर टिमोलॉल (प्रेशर उतरवायचे थेंब) घेण्याआधी सांगायचं. स्टेरॉइडने काहींचं प्रेशर दोन-चार आठवड्यांत वाढतं, त्यामुळे "डोळा बरा वाटतोय" म्हणून तारीख चुकवू देत नाहीत.

आता कापलेला तारा. काही डोळ्यांत पडदा धरून ठेवायला तेलाऐवजी गॅस भरतात, पण डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'गॅस' लिहितात. एसएफ६ साधारण दोन आठवड्यांत विरतो, सी३एफ८ सहा ते आठ आठवडे राहतो. तोवर विमान बंद, आणि दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी भूल द्यायची झाली तर नायट्रस ऑक्साइडही बंद. दोन्हींत गॅस फुगून प्रेशर भडकतं. गॅसचं नाव आणि भरल्याची तारीख काउंटरवरच लिहून मागा. मागितलं की देतात.