कडकनाथ की असील? पहिली पिल्लं आणण्याआधी

परसात दहा-वीस कोंबड्या पाळायचं ठरलं की गाडी कडकनाथ आणि असील या दोन नावांवर येऊन थांबते. दोन्ही आपल्या देशातल्या जुन्या, अस्सल जाती. पण त्यांच्यात अंतर एवढं आहे की विकायचं काय, अंडी, मांस की पिल्लं, हे ठरवल्याशिवाय निवड करूच नये.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार पट्ट्यातला. भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी तो सांभाळला. तिकडे त्याला कालामासी म्हणतात. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी, हाडं, जीभ, तुरा, आतले अवयव सगळं काळपट असतं. हा काळेपणा जनुकांतून येतो, खाद्याने आणता येत नाही. अंडं मात्र फिकट बदामी असतं आणि रक्त लालच, जरा गडद. ‘काळी अंडी’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर तिथून सरळ परत फिरावं. पिसं काळी असली म्हणजे कडकनाथ, असंही नाही. चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, पाय बघा.

कोंबडा पावणेदोन-दोन किलोपर्यंत भरतो, कोंबडी सव्वा ते दीड किलो. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, साधारण सहा महिन्यांनी अंड्यावर येते आणि वर्षाला 80 ते 100 अंडी देते. मांसात चरबी कमी, चव दाट, म्हणून भाव चांगला. दमा-मधुमेह बरा होतो असं सांगून जे विकलं जातं, त्यावर भिस्त ठेवू नका. ते मांस आहे, औषध नाही. कडकनाथची खरी अडचण वेगळीच आहे: कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. मग पिल्लं काढायला एकतर अंडी उबवायचं मशीन लागतं, नाहीतर दुसरी कोंबडी.

असीलचं नेमकं उलट. आंध्र, छत्तीसगड, ओडिशा हे त्याचे मुलूख. उंच मान, ताठ उभा बांधा, अंगाला घट्ट चिकटलेली पिसं, वाटाण्यासारखा बसका तुरा. रंगावरून पीला, नुरी, याकूब, कागर अशी नावं. कोंबडा चार-पाच किलोंचा, कोंबडी तीन-चार किलोंची. इंग्लंडमध्ये घडलेल्या कॉर्निश जातीत असीलचं रक्त आहे आणि आजच्या ब्रॉयलरच्या वंशात कॉर्निश आहे, तेव्हा बाजारातल्या पांढऱ्या कोंबडीचाही एक धागा इथवर पोचतो. मला हे फार अभिमानाचं वाटतं.

अंड्यांसाठी मात्र असील घेऊ नये. परसात वर्षाला 40-60 मिळाली तरी बरं म्हणायचं. वाढ सावकाश, मांस चिवट पण चवदार, मंद आचेवर शिजवायचं. त्याची खरी दौलत म्हणजे कोंबडीचं आईपण. ती अंड्यांवर 21 दिवस जिद्दीने बसते आणि पिल्लांसाठी घारीवर, मांजरावर धावून जाते. कोंबडे मात्र तीन-चार महिन्यांचे झाले की एकमेकांना रक्तबंबाळ करतात. एका खुराड्यात एकच नर ठेवा. झुंजीसाठी पाळायचा विचार असेल तर तो सोडाच. झुंजी लावणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्या पक्ष्याचे हाल बघवत नाहीत.

माझं मत विचाराल तर नवख्याने आधी कडकनाथच्या सात-आठ माद्या आणि एक नर घ्यावा, सोबत असीलच्या किंवा गावठीच्या दोन खुडूक बसणाऱ्या कोंबड्या. कडकनाथची अंडी त्यांच्याखाली ठेवली की मशीनचा खर्च वाचतो. नर असील आणूच नये. तो कडकनाथच्या नराशी भिडेल आणि पिल्लंही मिश्र निघतील. जागा मोठी असेल आणि जिवंत पक्षी विकायची ओळख आधीच असेल, तरच असीलचा वेगळा कळप करावा. निव्वळ अंडीच हवी असतील तर दोन्ही शुद्ध जाती बाजूला ठेवा. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलपासून कारी-निर्भीक आणि कडकनाथपासून कारी-श्यामा हे संकर केले आहेत, ते कितीतरी जास्त अंडी देतात.

‘पिल्लं आम्ही देतो, अंडी-पक्षी आम्हीच घेतो’ या करारापासून सावध राहा. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर परिसरातून सुरू झालेल्या अशाच कडकनाथ योजनेत अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाल्याचं 2019 मध्ये उघड झालं. आधी तालुक्यात गिऱ्हाईक शोधा: हॉटेल, आठवडी बाजार, ओळखीची घरं. मग जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात खात्रीच्या पिल्लांची चौकशी करा. कोंबड्या देशी आहेत म्हणून मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टाळू नका; पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही लस, आणि पुढचा डोस डॉक्टर सांगतील त्या तारखेला.