जाळं की बाटलीभर पाणी?
नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात कोणते मासे आहेत, हे जाळं टाकून कळतं, तसं बाटलीभर पाणी गाळूनही. माशांची विष्ठा, खवले, अंगावरचा चिकट थर यांतला डीएनए गाळणकागदावर अडकतो; पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती काढायची प्रयोगशाळेतली पद्धत) तो वाढवून प्रजाती ओळखतात. मासा मारावा लागत नाही, पक्षी जाळ्यात अडकत नाहीत. अभयारण्यात हे मोठंच. चिखलात दडणारी वामही सापडू शकते.

पण उष्ण पाण्यात डीएनए लवकर विरतो. शिवाय गोदावरी-कादवेच्या संगमावर तो वरून वाहत आलेला असू शकतो (मासा वरच्या गंगापूर धरणातला, हजेरी इथे!).

लांबी, वजन, गाभोळी दाखवतं ते जाळंच. धरणावर मासेमारीबंदीचे दिवस, जाळ्याचा आस (भोकांचा आकार) ठरवायचा तर मी जाळंच निवडेन. तिलापिया हा परका मासा शिरलाय का पाहायला बाटली पुरे.