सांगलीत स्पिट्झ कुत्रा पाळलाय? मग ग्रुमिंगला विश्रामबागला न्या

आमची राणी छोटी इंडियन स्पिट्झ, साडेसहा किलोची. कुठंही न्या, लोक पॉमेरेनियनच म्हणतात. विश्रामबागच्या ग्रुमिंगवाल्या दादांनी मात्र टेबलावर घेतल्या घेतल्या सांगितलं, "ताई, ही पॉम नाही, स्पिट्झ आहे, हिला मशीन लावायची नाही." तिथंच विश्वास बसला बघा. पॉम फार तर साडेतीन किलोचा, तोंड आखूड, स्पिट्झचं कोल्ह्यासारखं लांबट, पण एवढं बघतंय कोण.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी उन्हाळा आहे म्हणून सरळ भादरायला निघाले होते. स्पिट्झला केसांचे दोन थर असतात, वरचा थर उन्हापासून वाचवतो, भादरला तर पुन्हा नीट येईलच असं नाही. इथं मागच्या पायापासून केसांची एकेक ओळ हातानं बाजूला करून पार कातडीपर्यंत ब्रश फिरवतात, मग कंगवा, कानामागच्या गाठी बोटांनी सोडवतात, आतली पांढरी लोकर अक्षरशः ओंजळभर निघाली. ड्रायरवर राणी लई भुंकली (स्पिट्झ आहे, भुंकणारच) तरी तोंड बांधलं नाही, आधी लांबून हवा दाखवली आणि मग हळूहळू जवळ आणला.

ही जात इंग्रजांच्या काळात जर्मन स्पिट्झपासून आपल्याकडंच तयार झालेली, इथलं ऊन सोसणारी. 80-90 च्या दशकात बाहेरून कुत्री आणायला बंधनं होती तेव्हा घरोघरी हीच, 1994 च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी तोच की, नंतर लॅब, पग, शिह त्झू आले आणि आता चांगलं पिल्लू शोधावं लागतंय. इटलीतला व्होल्पिनो, तोही असाच छोटा स्पिट्झ, 1965 ला नोंदीत फक्त 5 उरलेले, 1984 पासून लोकांनी मुद्दाम हुडकून जात परत वाढवली. आपल्या स्पिट्झवर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं. दादांनाही वाटतं, येणाऱ्या प्रत्येक स्पिट्झची त्यांनी वहीत नोंद ठेवलीय, कुणाला जोडी किंवा पिल्लू पाहिजे असेल तर गाठ घालून देतात, त्याचे पैसे घेत नाहीत.

अंघोळ, ब्रशिंग, नखं मिळून 700 रुपये. रविवारी गर्दी असते आणि गाडी लावायला जागा नाही, त्यामुळं फोन करून मधल्या वारी सकाळीच जा.