मुलासाठी पहिला टॅब: आधी कव्हर बघा, मग टॅब

मुलासाठी पहिला टॅब घ्यायचा म्हटलं की दुकानात रॅम किती, प्रोसेसर कुठला, कॅमेरा किती मेगापिक्सेल इथूनच बोलणं सुरू होतं, आणि पाच वर्षांच्या पोराला ह्यातल्या कशानेच फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो टॅब फरशीवर आपटल्यावर काय होतं, काच गेलीच तर आपल्या गावात ती कोण बदलून देतं, आणि आपण पोळ्या लाटत असताना मूल एकटं त्यावर काय काय उघडू शकतं, ह्या तीन गोष्टींनी. खालची तुलना मी ह्याच हिशोबाने केलीये, बजेट साधारण १० ते १५ हजार धरून.

वयाचं आधी सांगून टाकते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या (बालरोगतज्ज्ञांची संघटना) २०२१ च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच (नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल सोडून), दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहामध्ये दोन तासांच्या आत. म्हणजे मूल तीनच्या आतलं असेल तर खरंच काही विकत घेऊ नका, आजीशी बोलायला तुमचा फोन पुरतो, रेघोट्या मारायला दोन-तीनशे रुपयांची एलसीडी पाटी मिळते आणि त्या वयात मुलं तिच्यावर जास्त रमतात. चार पूर्ण झाल्यावर टॅबचा विचार करा.

आता कव्हर. ह्या बजेटमधला कुठलाच टॅब मुलाच्या हातून टिकावा म्हणून बनवलेला नसतो, मेटल बॉडी असली तरी कोपऱ्यावर पडला की काचेला तडा जाऊ शकतो, म्हणून टिकाऊपणा जो काही मिळतो तो जाड ईव्हीए फोमच्या (धक्का झेलणारा मऊसर फोम) कव्हरमधून मिळतो, ते मागे हँडल असलेलं आणि हँडलच दुमडून स्टँड होणारं असतं ते. घेताना दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे कव्हरची कड स्क्रीनच्या वर उठलेली पाहिजे, म्हणजे टॅब पालथा पडला तरी काच जमिनीला टेकत नाही. दुसरं, चारही कोपरे नुसते झाकलेले नकोत, तिथे फोम जाड पाहिजे. आणि हे कव्हर तुमच्या नेमक्या मॉडेलचं मिळतंय का ते टॅब घ्यायच्या आधी शोधा. सॅमसंगच्या टॅब ए९ चं कव्हर ए९ प्लसला बसत नाही, आणि टॅब ए७ लाइट पण ८.७ इंचीच आहे म्हणून त्याचं कव्हर ए९ ला चालेल असं समजू नका, बटणं आणि कॅमेऱ्याची जागा वेगळी. मॉडेल नंबर बघूनच मागवा (ए९ वाय-फायचा एक्स११०, सिमवाल्याचा एक्स११५). ज्या टॅबला फोमचं कव्हरच मिळत नाही तो कितीही स्वस्त असला तरी माझ्या यादीतून बाद.

चार ते सात वयासाठी मला ८.७ इंची आकारच योग्य वाटतो. ह्यात समोरासमोर दोन आहेत, सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए९ आणि रेडमी पॅड एसई ४जी.

टॅब ए९ भारतात २०२३ च्या ऑक्टोबरात आला, वाय-फाय मॉडेल १२,९९९ ला. वजन ३३२ ग्रॅम, बॅटरी ५१०० एमएएच, हेलिओ जी९९ प्रोसेसर. रेडमीचा २०२४ च्या जुलैत १०,९९९ पासून सुरू झाला, वजन ३७५ ग्रॅम, बॅटरी ६६५० एमएएच आणि प्रोसेसर हेलिओ जी८५, जो जी९९ पेक्षा हळू आहे. दोन्हींची स्क्रीन १३४० बाय ८००, दोन्हीत मेमरी कार्ड घालता येतं आणि हेडफोनचं साधं भोक पण आहे. कागदावर रेडमी स्वस्त, बॅटरी मोठी, स्क्रीन ९० हर्ट्झ (म्हणजे स्क्रोल करताना चित्र जास्त सुळसुळीत हलतं), वर गोरिला ग्लास ३ ची मजबूत काच, मग तोच घ्यावा असं वाटेल, आणि बजेट ११ हजारांच्या वर जातच नसेल तर खुशाल घ्या, वाईट नाहीये. पण मी दोन हजार जास्त घालून सॅमसंग घेईन. कारण एक म्हणजे त्यात सॅमसंग किड्स आधीपासूनच आहे, वरून पट्टी ओढून चालू केलं की मुलाची स्क्रीनच वेगळी होते, बाहेर पडायला पिन लागतो आणि रोज किती वेळ ते आपण ठरवून ठेवू शकतो. दुसरं म्हणजे सर्व्हिस सेंटर, तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला हा मुद्दा पुण्या-मुंबईवाल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, तुमच्या जवळ कुठल्या कंपनीचं आहे ते एकदा बघा आणि रेडमीचं जवळ असेल तर माझा हा मुद्दा तुमच्यासाठी उलटा धरा. तिसरं, वजन. ४० ग्रॅमचा फरक ऐकायला काहीच नाही पण त्यावर कव्हरचं वजन चढतं, आणि छोट्या हातांना जड झालेली वस्तूच जास्त वेळा सुटते.

ए९ चा पुढचा टॅब ए११ २०२५ मध्ये आला, आकार तोच आणि स्क्रीन ९० हर्ट्झ झाली. ए९ चा माल सेलमध्ये स्वस्त मिळत असेल तर तोच घ्या, किंमत सारखीच असेल तर ए११, फक्त कव्हर परत त्याच्या नावाने शोधायचं.

मूल सात-आठचं असेल, किंवा दोन भावंडांत एक टॅब असेल आणि तो टेबलावर ठेवूनच वापरायचा असेल, तर ११ इंची रेडमी पॅड एसई. २०२४ मध्ये १२,९९९ ला आला, स्क्रीन १९२० बाय १२००, चार स्पीकर, ८००० एमएएच बॅटरी. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, त्यांचं पान ह्या स्क्रीनवर झूम न करता वाचता येतं, छोट्या टॅबवर सारखं बोटाने मोठं करावं लागतं आणि मुलं कंटाळतात. पण वजन ४७८ ग्रॅम आहे, कव्हर चढवल्यावर पाच वर्षांच्या मुलाला उचलून फिरायला नकोच, आणि चार्जिंग १० वॉटचं म्हणजे इतकी मोठी बॅटरी भरायला तास न् तास जातात. लेनोवोचा टॅब एम११ पण चांगला, त्याला आयपी५२ रेटिंग आहे म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतात (बादलीत पडला तर नाही), पण तो बजेटच्या वर जातो.

आयपॅड? ए१६ चिपवाला २०२५ मध्ये ३४,९०० ला आला, पहिला टॅब म्हणून मी कोणाला सुचवणार नाही. पण घरात कोणाचा नवव्या पिढीचा, म्हणजे २०२१ चा आयपॅड पडून असेल आणि बॅटरी ठीक असेल तर मुलाला तोच द्या, कारण त्यात वरची काच आणि आतला डिस्प्ले वेगवेगळे असतात, नुसती काच फुटली तर नुसती काच बदलता येते, आणि सेटिंग्जमधलं गायडेड ॲक्सेस लावलं की मूल एकाच ॲपमध्ये राहतं. वजन मात्र ४८७ ग्रॅम.

अमेरिकेतल्या भावा-बहिणींसाठी: तुमच्या मुलांना तिथे ॲमेझॉनचा फायर एचडी ८ किड्स घ्या, फार विचार करू नका, कव्हर सोबत येतं आणि दोन वर्षांत मोडला तरी बदलून देतात. पण तोच भाच्याला भेट म्हणून इकडे पाठवू नका. त्यात गुगल प्ले नाही, ती बदलून द्यायची हमी इथे बसून वापरता येत नाही, म्हणजे ज्यासाठी तो चांगला आहे तेच निघून जातं.

आणि चार-पाच हजारांत कार्टूनच्या डब्यातून येणारे अनोळखी नावाचे किड्स टॅब. कृपा करून नको. जुनं अँड्रॉइड, दोन जीबी रॅम, सुटे भाग कुठेच नाहीत, चार्जिंगला कधी कधी अजून मायक्रो यूएसबी असतं आणि मुलांच्या ओढाताणीत ते सगळ्यात आधी सैल होतं. तरी कोणी दिलाच असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये अबाउटखाली डिव्हाइस सर्टिफाइड (म्हणजे गुगलने मान्य केलेलं) आहे असं दिसतंय का बघा. नसेल तर त्यावर मुलाचं खातं उघडू नका.

टॅब सीलबंद खोक्यात मुलाच्या हातात देऊ नका, आदल्या रात्री तुम्ही बसा. मुलाचं वेगळं गुगल खातं काढून तुमच्या फोनवरच्या फॅमिली लिंकला (मुलाच्या टॅबवर लक्ष ठेवायचं गुगलचं ॲप) जोडा, ते फुकट आहे, रेडमी काय नि सॅमसंग काय दोन्हीवर चालतं, झोपायची वेळ ठरवता येते आणि नवीन ॲप टाकायचं झालं तर आधी तुमच्याकडे परवानगी मागायला येतं. यूट्यूब किड्समध्ये सर्च बंद करा आणि जमलं तर तुम्ही निवडलेलेच चॅनल दिसतील असं ठेवा. खान अकॅडमी किड्स फुकट आहे आणि जाहिराती नाहीत, मात्र ते इंग्रजीत आहे. मराठीसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर मला सगळ्यात आवडतं, चित्रांची पुस्तकं पातळीनुसार लावलेली आहेत, फुकट आहेत आणि डाउनलोड करून ठेवता येतात. वाय-फाय असतानाच दहा-बारा उतरवून ठेवा, मग मामाच्या गावाला जाताना एसटीत नेट गेलं तरी अडत नाही, आणि त्यासाठी सिमवाला टॅब घ्यायचे जास्तीचे पैसेही वाचतात.