गळ्यावरचे चौकोनी डाग

माझी नोकरी हॉटेलच्या रिसेप्शनवर, त्यामुळे रोज गुळगुळीत दाढी सक्तीची. केस जाड आणि कुरळे. हनुवटीखाली कायम टपोऱ्या पुळ्या, पांढऱ्या कॉलरला रक्ताचे ठिपके. सात वर्षं हे सोसलं. इतका वैतागलो होतो की कुणी काहीही सांगितलं तरी पटायचं.

पुण्यातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये सांगितलं, "लेझरने दाढीचे केसच काढू, कायमची सुटका. सहा सिटिंग, २४,००० रुपये." पांढरा कोट घातलेल्या मॅडमना मी डॉक्टर समजलो. त्या ब्युटिशियन होत्या. मी हप्त्यांवर पॅकेज घेतलं.

दुसऱ्या सिटिंगला प्रत्येक फ्लॅशबरोबर चटका बसत होता, केस जळाल्याचा वास येत होता. थांबवा म्हटलं, तर "रिझल्ट येतोय, सहन करा." रात्री गळ्यावर पाच लांबट चौकोन उठले, काडेपेटीच्या काडी घासायच्या बाजूएवढे. सकाळी त्यांत पाणी भरलं होतं.

सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांना आकार बघूनच शंका आली. हा लेझर नव्हे, आयपीएल, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट नावाचं वेगळं प्रकाशयंत्र. लेझरचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा असतो, आयपीएलमध्ये अनेक तरंगलांबींचा फ्लॅश पडतो. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, त्यातला बराच प्रकाश स्वतःच शोषतं आणि कातडी भाजते. आमच्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित, तोही आधी छोट्या जागेवर टेस्ट घेऊन. माझ्या गळ्यावर कुणी टेस्ट घेतलीच नव्हती. घरी येऊन कागद काढले, तर माझ्या सहीच्या वर "लाइट ट्रीटमेंट" एवढंच छापलेलं. लेझर हा शब्द फक्त तोंडी होता. कृपा करून पैसे भरण्याआधी मशीनचं नाव बिलावर लिहून घ्या आणि डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा.

मग डॉक्टरांनी विचारलं, "दाढी थांबवून पाहिलीत का?" सात वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. उलटं पातं फिरवून केस फार खोल कापला की त्याचं टोकदार तोंड वळून पुन्हा कातडीतच घुसतं, पुळी त्याचीच. त्यांनी चार आठवडे ब्लेड बंद करायला लावलं, नंतर ट्रिमरने एक मिलिमीटर ठेवायला सांगितलं आणि हॉटेलसाठी चिठ्ठी दिली. मॅनेजरसाहेबांनी ती वाचून लगेच परवानगी दिली.

पुळ्या आता जवळजवळ नाहीत. चौकोन काळे पडलेत, ते जायला कित्येक महिने लागतील म्हणतात. क्लिनिक पैसे परत द्यायला तयार नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, फोडांचे तारखेसकट फोटो जोडून.