आकृती मर्मेडमध्ये लिहावी की ड्रॉ.आयओत काढावी?

रत्नागिरीत हापूसच्या ऑर्डरींचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या टीमला नव्या मुलाला कोड समजावायचाय, आणि आकृत्या कशात ठेवाव्यात यावर घोडं अडलंय. मर्मेडमध्ये मजकूर लिहिला की आकृती तयार होते, ड्रॉ.आयओत ती माउसने काढायची. पैसे दोन्हीला लागत नाहीत.

टिकण्यात मर्मेड पुढे. आकृती म्हणजे साधा मजकूर, कोडशेजारीच राहतो. ‘बागायतदार->>सर्व्हर: पेटी नोंदव’ ही ओळ बदलली की रिव्ह्यूत, म्हणजे सहकारी बदल तपासतात तेव्हा, नेमकी तीच दिसते. गिटहब ही कोड ठेवायची साइट २०२२ पासून त्या मजकुराचं थेट चित्र दाखवते. पण चौकटी कुठे बसणार हे मर्मेडच ठरवतं. वीसेक झाल्या की बाणांचा नुसता गुंता.

ड्रॉ.आयओत मांडणी आपल्या हातात. डेस्कटॉप आवृत्ती पावसात नेट गेलं तरी चालते. गोम एकच: नुसतं चित्र एक्स्पोर्ट करून ठेवलं नि मूळ फाइल हरवली, की सगळं पुन्हा काढा. म्हणून एक्स्पोर्ट करताना एसव्हीजी या चित्र-फाइलमध्येच मूळ आकृतीची प्रत समाविष्ट करून ठेवा.

रोज बदलणाऱ्या कोडमधला क्रम दाखवायचा तर मर्मेड. सर्व्हर-डेटाबेसचा क्वचित बदलणारा नकाशा ड्रॉ.आयओत.