न्यू साउथ वेल्सला (ऑस्ट्रेलिया) गेलेला इंग्रज पूर्वज: आधी मृत्युदाखला की जहाजाची यादी?

बहुतेक जण आधी जहाजाची यादी शोधतात आणि तिथेच अडकतात. इंग्लंडमधून निघालेल्या प्रवाशांच्या, लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या याद्या 1890 पासूनच्या आहेत, त्याआधीच्या टिकल्या नाहीत. म्हणून शोध पोहोचलेल्या बंदरावर, म्हणजे सिडनीत घ्यावा लागतो. तिथे स्वखर्चाने आलेल्याची नोंद कित्येकदा नुसती ‘मिस्टर स्मिथ’ एवढीच. सरकारी मदतीने आलेल्यांच्या याद्या दोन: स्थलांतराचं काम पाहणाऱ्या एजंटची त्रोटक, तर इमिग्रेशन बोर्डाची (आलेल्यांची तपासणी करणाऱ्या मंडळाची) भरगच्च. बोर्डाच्या यादीत वय, धंदा, जन्मगाव, आईवडिलांची नावं, धर्म, लिहितावाचता येतं का, वसाहतीत कोण नातेवाईक, सगळं असतं. एजंटची यादी पाहून थांबू नका.

तरी सुरुवात मृत्युदाखल्यानेच करावी. 1856 पासूनच्या दाखल्यात जन्मस्थळ, आईवडील, लग्न, मुलं आणि ‘वसाहतीत किती वर्षं’ हा रकाना असतो. 1889 चा मृत्यू, ‘34 वर्षं’ लिहिलंय, तर आगमन 1855 च्या आसपास. पण 30, 40 असा गोल आकडा दिसला तर शोध चार-पाच वर्षं मागेपुढे पसरवा. माहिती देणारा जावई किंवा शेजारी असेल, तर आईचं माहेरचं आडनाव बऱ्याचदा चुकतं. आईवडिलांची नावं बोर्डाच्या यादीशी ताडून पाहा, कारण तिथे उत्तरं प्रवाशाने स्वतः दिलेली असतात.